पाचापैकी पाच

संयोगिताला रोग लागला आणि सगळं घर तिचं झालं. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटला. तिच्या पगाराचा, तिच्या स्कूटीचा कधी वाटला नाही एवढा तिच्या रोगाचा वाटला.

संयोगिता माझी धाकटी जाऊ. सहकारी बँकेत नोकरीला आहे. माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळं "मी जाते, मी येते" असं मऊ मऊ बोलते. आम्ही कोल्हापूरच्या बायका पुरुषांसारखं "जातो, येतो" म्हणणाऱ्या, आमच्या बोलण्यात कुणाला मऊपणा सापडत नाही. मंगळवार पेठेत आमचं दुमजली घर आहे. खाली मी, माझे मिस्टर हंबीरराव आणि सासू झुंबरबाई. सासूला आम्ही दोघी आत्ती म्हणतो. वर संयोगिता आणि तिचा नवरा विश्वजित, म्हणजे माझा धाकटा दीर. मुलं सगळी शिकायला पुण्याला. स्वयंपाकघर मात्र एकच, खालचं, आणि तेवीस वर्षं त्यात मी.

गेल्या दिवाळीनंतर बँकेनं सगळ्या स्टाफची तपासणी केली. संध्याकाळी संयोगिता रिपोर्ट घेऊन आली आणि सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत बसून तिनं रोगाचं नाव सांगितलं. मेटाबॉलिक सिंड्रोम. एखादी डिग्री मिळाल्यासारखं नाव! मला तर आजवर पित्त, सांधेदुखी आणि अंग मोडून येणं, एवढेच मराठीतले रोग झाले होते.

"म्हंजे काय गं?" आत्तीनं विचारलं.

"पाच गोष्टी बघतात, आत्ती. कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी साखर, रक्तातली चरबी आणि चांगलं कोलेस्टेरॉल. पाचापैकी तीन बिघडल्या असतील तर त्याला हे म्हणतात. माझ्या तीन आहेत."

"मग पास का नापास?"

"अजून आजार असा नाही. पण आत्ता सांभाळलं नाही तर पुढं शुगर, हार्ट, सगळंच मागं लागतं."

हार्ट म्हटल्यावर विश्वजित भाऊजींचं तोंड उतरलं. आमचे हे, ज्यांना बायकोच्या तापाचा आकडा कधी विचारावासा वाटला नाही, ते भावजयीला म्हणाले, "आता अजिबात दगदग करायची न्हाय." आत्तीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी आतून चहा घेऊन आले होते. ट्रे हातात धरून तशीच उभी राहिले. कप कुणी उचलेना, सगळे रिपोर्ट बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून घराची घडीच बदलली. सकाळी साडेपाचला भाऊजी बायकोला घेऊन रंकाळ्याला चालायला जाऊ लागले. कागलच्या एमआयडीसीत दिवसभर उभं राहून आलेला माणूस, पण पहाटे बायकोच्या बुटाची नाडी बांधून द्यायचा. खिडकीतून मी स्वतः बघितलंय. माझ्या आयुष्यात रंकाळा आला तो पाहुणे आले की. त्यातही मी मागं, हातात भेळेच्या पिशव्या. 'ह्यांना' एकदा सहज म्हणून बघितलं, "आपण पण जाऊया की फिरायला." तर म्हणाले, "तुझं घरात काय कमी फिरणं हुतंय व्हय?"

संध्याकाळी संयोगिताला पुन्हा अर्धा तास चालायचं असे, त्यामुळं चपात्या लाटायला ती यायची ते बंद झालं. तिची ज्वारीची भाकरी वेगळी, कमी तेलाची भाजी वेगळी, वाफवलेली कडधान्यं वेगळी. आत्ती, जिनं मला बाळंतपणात सव्वा महिन्यानंतर एक दिवस जास्त बसू दिलं नाही, ती आत्ती ह्या बाईसाठी मटकीला मोड आणायला फडकं बांधत बसे. दर महिन्याला कमरेला टेप लावायचा आणि आकडा सोप्यात सगळ्यांना सांगायचा. अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी. चौऱ्याऐंशी. प्रत्येक आकड्याला आत्ती म्हणे, "शाब्बास." माझ्या पोटात दुखायचं. मुरडा नाही, ते दुसरं दुखणं.

आता ह्यातली माझी बाजू सांगतो. आत्तीच्या घरात अन्न टाकत नाहीत. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी उरलेलं वाटीभर वरण मोरीत ओतलं होतं, त्यावरून तिनं मला शेजारपाजारच्या देखत धारेवर धरलं. तेव्हापासून जे उरेल ते शेवटी बसणाऱ्या बाईनं संपवायचं. शेवटी बसणारी मी. आधी उरायचं ते ओंजळभर. पण संयोगिताचं सुरू झाल्यापासून उरणं वाढलं. म्हशीचं दूध दोन लिटर येतं, त्याची साय तिला चालेना, मग भाऊजींनीही सोडली. ती साय मी सकाळच्या चपातीबरोबर खाई. बँकेतून पेढ्याचे बॉक्स येत, ती आणून माझ्या हातात देई, "आक्का, घरात दिसलं की मोह होतो, तुम्ही कुठंतरी ठेवा." मी ठेवायची, दोनप्रहरी एकटीच, पोटात. रविवारी मटणाच्या तांबड्या रश्शावर लाल तेलाचा जो कट येतो, तो मी पळीनं काढून वाटीत घ्यायची, कारण बाईसाहेबांना वरचं तेल चालत नाही. मटणातले चरबीचे तुकडेही निवडून बाजूला. मग सगळ्यांची जेवणं झाल्यावर तो कट मी भातावर ओतून घ्यायची. टाकणार कसं? आणि कुणावर राग आला की हात ताटात जास्त चालतो, हेही खरंच.

फेब्रुवारीत ती एक पिशवी घेऊन खाली आली. आत तीन ड्रेस.

"आक्का, हे मला आता ढगळे व्हायला लागलेत. नवेच आहेत. तुम्हाला होतील बघा."

"ठेव तिथं," मी म्हणाले. "माझे हात कणकेचे हाईत."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. थोरल्या जावेला उतरलेले कपडे! पण त्यातला एक अबोली रंगाचा होता आणि तो पहिल्यापासून माझ्या डोळ्यात भरलेला, हे तिला कसं कळलं होतं कुणास ठाऊक. दुपारी दार लावून मी तो घालून बघितला. डोक्यातून आला, काखेत अडकला. ओढला तशी बगलेची शिवण टराटरा गेली. कपाटाच्या आरशात मी उभी, एक हात वर, ड्रेस ना आत ना बाहेर. कितीतरी वेळ मला तो काढताही येईना. तेव्हाच शहाणी झाले असते तर बरं झालं असतं. पण मला काय वाटलं? मला वाटलं, हिनं मुद्दाम दिला.

त्याच सुमारास माझं मलाच बरं वाटेनासं झालं होतं. जिना चढताना मधे थांबावं लागे. तहान तर अशी, की तांब्या कायम जवळ. मानेवर काळी पट्टी आली होती, ती मंगळसूत्र घासून झालीय असं धरून मी रोज डाळीच्या पिठानं चोळायची. जेवताना एकदा मुद्दाम सगळ्यांच्या समोर म्हणाले, "मला हल्ली लई चक्कर येती."

"पित्त असंल," हे म्हणाले. "आल्याचा तुकडा चघळ."

आत्ती म्हणाली, "आमच्या येळला कुणाला येळ हुता चकरा यायला?"

आणि लगेच संयोगिताकडं वळून, "तू घे की गं अजून काकडी."

त्या काकडीनं माझं ठरलं. मला पण रोग पाहिजे. असातसा नाही, हिच्यापेक्षा मोठा. हिचे तीन, तर माझे चार निघू देत. मग बघू कोण माझ्यासाठी मटकी भिजत घालतं, कोण म्हणतं तू बस, मी करतो. हे एकच वाक्य मला ऐकायचं होतं. तेवीस वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं.

मार्चमध्ये पेठेतल्या तालमीच्या हॉलमध्ये मोफत तपासणी शिबिर लागलं. शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी, चहासुद्धा न घेता, भाजी आणायला जातो असं सांगून मी गेले. रांगेत पुढच्या बायका घाबरलेल्या, आणि मी मात्र दहावीचा निकाल बघायला आल्यासारखी. एका मुलीनं टेप घेतला.

"मावशी, पदर जरा वर धरा. पोट आत ओढू नका."

"मी कशाला ओढतो?" मी उलट सैलच सोडलं. "किती आलं?"

"एकशे एक."

हिचा सुरुवातीला अठ्ठ्याऐंशी होता. मी मनात टाळी वाजवली. बीपी बघणाऱ्यानं दोनदा पट्टा बांधला. एकशे बावन्न, शहाण्णव. "जास्त हाय न्हवं?" मी विचारलं. त्यानं माझ्याकडं जरा विचित्रच बघितलं. रक्त दिलं आणि येताना खरंच दोन पेंड्या मेथी घेऊन घरी आले.

रिपोर्ट रविवारी सकाळी मिळणार होते. मटण शिजत टाकलं, गॅस बारीक केला आणि अर्ध्या तासात येतो म्हणून बाहेर पडले. हॉलमध्ये टेबलाशी एक तरुण डॉक्टरीण बसली होती, ऋता नावाची. माझा कागद तिनं जरा जास्तच वेळ बघितला.

"काकू, बरोबर कोणी आलंय?"

"न्हाय. किती आल्यात?"

"काय किती?"

"पाचातले."

तिनं खुर्ची पुढं घेतली. मग कागद माझ्याकडं फिरवून एकेका आकड्यावर पेन टेकवत गेली. घेर, बीपी, चरबी दोनशे चाळीस, चांगलं कोलेस्टेरॉल चौतीस, म्हणजे फारच कमी, आणि उपाशीपोटी साखर एकशे एकाहत्तर. "पाचही," ती म्हणाली. "आणि साखर तर त्याच्याही पुढं गेलीय. आपण परत एकदा तपासून खात्री करू, पण मधुमेह आहे असंच मला वाटतंय. आजवर कधी तपासलंच नाही?"

पाचापैकी पाच. खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंदच झाला. चांगला ढेकर आल्यासारखं मोकळं वाटलं.

मग तिनं वाकून माझ्या मानेला बोट लावलं. "हे किती दिवस आहे?"

"ते मंगळसूत्राचं हाय. घासून काळं झालंय."

"मंगळसूत्राचं नाही काकू. शरीरात साखर मुरेनाशी झाली की मान अशी काळी पडते. खाण्यात काय काय असतं?"

मी सांगायला लागले. सकाळची साय. दुपारचे पेढे. भाऊजींनी सोडलेलं तूप. जावेचा कट. पाव्हण्यांनी आणलेली बर्फी, जी कुणीच खात नाही म्हणून. प्रत्येक वाक्याच्या शेवटी माझ्या तोंडून "टाकायचं व्हय?" येत होतं. पाचव्यांदा आलं तेव्हा माझं मलाच ऐकू गेलं आणि मी थांबले. तिनं गोळ्या लिहून दिल्या, मंगळवारी परत बोलावलं आणि म्हणाली, "घरच्यांना घेऊन या. हे एकट्यानं जमत नाही."

घरच्यांना! त्याचसाठी तर सगळा खटाटोप. पाकीट पदराआड धरून मी घरी आले. वाटेत ठरवत होते, कुणाच्या हातात द्यायचं, कधी द्यायचं. आनंद अजून होता. गोळ्यांची चिठ्ठी मात्र मी उघडूनसुद्धा बघितली नाही.

एक वाजता सगळे जेवायला टेबलाशी बसले. संयोगिताची वेळ ठरलेली, त्यामुळं आता सगळं घर एकला जेवतं. मी कट काढून वाटी माझ्या ताटाजवळ ओट्यावर ठेवली, सगळ्यांना वाढलं आणि पांढऱ्या रश्शाच्या पातेल्याशेजारी ते पाकीट ठेवलं.

"ह्ये काय?" ह्यांनी विचारलं.

"माझा रिपोर्ट. शिबिराला गेलतो शुक्रवारी." आणि मान ताठ करून मी सांगितलं, "पाचापैकी पाच."

ह्यांनी डावा हात लुंगीला पुसून कागद काढला. वरपासून खालपर्यंत बघितला, त्यांना काही कळलं नसावं. भाऊजींनी तो घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. "वहिनी, ही तर शुगर आहे." मी वाट बघत उभी राहिले. आता कुणीतरी म्हणेल. हातात पळी होती, ती मी खालीसुद्धा ठेवली.

पहिली बोलली आत्ती. "आता दोघींचं बी येगळं रांधायचं? करणार कोण ते?"

भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही पण पहाटे चालायला या की आमच्याबरोबर." मग त्यांनाच आठवलं. "पण मग आमचे सकाळचे डबे... बघू आपण कायतरी."

आणि हे. ज्यांच्यासाठी मी ते पाकीट टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं ते हे. कागद घडी करून पाकिटात सरकवत म्हणाले, "उद्यापासनं गोड बंद कर तू. समजलं? हयगय करायची न्हाय अजिबात." आणि ताट जरा पुढं सरकवून, "भात आण."

मी आत आले. रडू आलं नाही. लाज वाटली. हिच्या रोगाला मटकी आणि माझ्या रोगाला हुकूम. पाचापैकी पाच पडूनही मी हिच्या मागंच. भाताचं पातेलं समोर होतं आणि ते माझ्याच्यानं उचलवेना.

मागून संयोगिता आली. तिच्या हातात माझा रिपोर्ट होता, बोटांना रस्सा लागलेला, कागदावर लाल डाग पडला होता. ती काहीतरी विचारणार होती, पण तिची नजर ओट्यावर गेली. माझ्या ताटात भाताचा ढीग आणि शेजारी काठोकाठ भरलेली ती लाल वाटी.

"हे कुणासाठी ठेवलंय आक्का?"

"मलाच की. तुझ्या रश्शावरचं काढलेलं हाय ते."

"तुम्ही खाता हे? दर रविवारी?"

"मग टाकायचं व्हय?"

"आणि साय?"

"ती बी."

"पेढे? मी दिलेले सगळे?"

मी भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग माझ्या मानेकडं, मग कमरेकडं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला कधीपासून बघायचं होतं. ती माझ्यासमोर एकदातरी खाली बघेल असं काहीतरी. आता ती खरंच खाली बघत होती आणि मला त्याचं काहीच सुख झालं नाही.

तिनं वाटी उचलली आणि सिंकमध्ये उपडी केली. सगळा कट. त्यावर माझ्या ताटातला भात, हातानं निपटून. नळ सोडला. लाल तेल पांढऱ्या भातावरून गोल फिरत जाळीपाशी तुंबून राहिलं.

आत्तीचे कान तिखट.

"काय सांडलं गं?" बाहेरून आलंच.

मला वाटलं ही आता म्हणेल, हात लागला, चुकून झालं. मी असते तर तेच म्हटलं असतं.

"सांडलं नाही आत्ती," संयोगिता म्हणाली. आवाज नेहमीसारखाच मऊ. "टाकलं."

मला तेव्हाही तिचा हेवा वाटला, आधीच्या सगळ्या हेव्यांपेक्षा जास्त. हे एक वाक्य मला तेवीस वर्षांत सुचलं नव्हतं.

तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, मला खांद्याला धरून त्यावर बसवलं. माझंच ताट धुऊन त्यात अर्धी भाकरी, मेथीची भाजी, तिच्या वाटणीची काकडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "तुम्ही बसा, मी करते," म्हणाली. साताऱ्याच्या बोलीत का होईना, वाक्य तेच होतं. पण ज्याच्या तोंडून ऐकायचं होतं तो बाहेर भाताची वाट बघत होता.

"अरे भात आणतंय का कोण?" हे ओरडले.

"पातेलं ओट्यावर आहे, दादा," संयोगितानं इथूनच उत्तर दिलं. "घ्या येऊन. आक्का जेवायला बसल्यात."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हे ताट घेऊन दारात आले. मला स्टुलावर बसून जेवताना बघून ते थबकले, जसं काही चुकून दुसऱ्याच्या घरात शिरले. मग ओट्यापाशी गेले, पातेल्याचं झाकण उचललं, इकडंतिकडं बघितलं. तेवीस वर्षं माझ्या हातचा भात खाणारा माणूस, त्याला भातवाढी कुठं असते ते माहीत नव्हतं. सवयीनं मी उठायला लागले. संयोगितानं खांद्यावर हात ठेवला.

"दुसऱ्या खणात," मी बसल्या जागेवरून सांगितलं.

त्यांनी भातवाढी काढली, वाढून घेतलं. ओट्यावर शितं सांडली. मी घास चावत त्या शितांकडं बघत राहिले, पण पुसायला उठले नाही.